फॅन स्विच : खानदेशातील तापलेल्या इंजिनांचा इतिहास

मोटारीच्या रेडिएटरमागचा विजेचा पंखा ठरावीक तापमानाला चालू करणारा आणि पाणी निवले की बंद करणारा भाग म्हणजे थर्मोस्विच. जळगाव-धुळ्याच्या गॅरेजमध्ये त्याला सरळ ‘फॅन स्विच’ म्हणतात. आकाराने तो अंगठ्याच्या दोन पेरांएवढा असतो. खाली आटे पाडलेले पितळ, वर प्लॅस्टिकचे डोके आणि त्यात एक किंवा दोन पिना. पितळी भाग पाण्यात बुडालेला राहतो, डोके बाहेर. आत द्विधातूची चकती बसवलेली असते. दोन धातू एकमेकांवर पक्के चिकटवलेले, पण तापल्यावर एक जास्त फुगणारा आणि दुसरा कमी. त्यामुळे चकती तापत गेली की एका क्षणी ‘टक्’ करून उलटी वळते आणि पंख्याकडे जाणारा विजेचा मार्ग जुळतो. बहुतेक लहान मोटारींत हा क्षण ९२ ते ९७ अंश सेल्सिअसच्या दरम्यान येतो. सुटण्याचा क्षण त्याहून पाच-सहा अंश खाली ठेवलेला असतो, नाहीतर पंखा सारखा चालू-बंद होत राहिला असता. द्विधातूची ही युक्ती मोटारीपेक्षा पुष्कळ जुनी. अठराव्या शतकात जॉन हॅरिसन या इंग्रज घड्याळजीने जहाजावरच्या घड्याळावर हवामानाचा परिणाम होऊ नये म्हणून ती वापरली होती.

खानदेशात या एवढ्याशा भागाला मान मिळाला तो हवेमुळे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी. या खोलगट पट्ट्यात मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. रेडिएटरचे काम पाण्यातली उष्णता हवेला देण्याचे, आणि ती किती वेगाने दिली जाईल हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. पाणी ९५ अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल तर फरक ७० अंशांचा. हवा ४५ वर गेली की तो ५० उरतो. म्हणजे तोच रेडिएटर, तेच पाणी, तोच पंखा असूनही निववण्याची ताकद तीस टक्क्यांच्या जवळपास घटते. वातानुकूलन असलेल्या गाडीत रेडिएटरच्या पुढे कंडेन्सर बसतो आणि आधीच तापलेली हवा मागे ढकलतो, ते वेगळेच. पुण्यात किंवा नाशकात वर्षभर निभावून नेणारा अर्धवट बिघडलेला पंखा एरंडोल ते पारोळा या अंतरात उघडा पडतो, त्याचे कारण हे आहे.

इंजिन तापले की नाही हे ओळखण्याची गरज मात्र मोटारीबरोबर आली नाही. ती आधी आली रेल्वेत आणि विहिरीवर. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे भुसावळला पोहोचली, तिथून एक फाटा नागपूरकडे आणि दुसरा खांडव्याकडे गेला, आणि भुसावळ हे वाफेच्या इंजिनांचे मोठे ठाणे झाले. गाडी स्थानकात थांबली की चाकांच्या आसांच्या पेट्यांना हात लावत पुढे सरकणारी माणसे असत. वंगण संपलेली पेटी तापून आग लागण्याचा धोका असे. तपमापक जवळ नसायचा. तळव्यापेक्षा हाताची पाठ चटक्याला लवकर जागी होते, एवढ्या अनुभवावर काम चाले. कापसाचे सरकी काढण्याचे आणि गठ्ठे बांधण्याचे कारखाने जळगाव, धुळे, अमळनेर या भागांत उभे राहिले, तेव्हा त्यांच्या इंजिनघरांतही हीच रीत होती.

विहिरीवरच्या ऑइल इंजिनाने ही पारख शेतापर्यंत नेली. मोटेची जागा घेणारे हे संथ फिरणारे, जाड चाकाचे इंजिन पंपाने उपसलेल्या पाण्यातलाच एक धागा स्वतःच्या अंगातून फिरवून घेई, आणि गरम झालेले पाणी एका बारीक नळीतून पाटात पडे. त्या धारेखाली बोट धरले की इंजिनाची प्रकृती कळे. बोट टिकले तर ठीक; टिकले नाही तर नळीत गाळ अडकला आहे किंवा पंप पाणी ओढत नाही. माणसाच्या कातडीला पन्नास अंशांच्या पुढचे पाणी फार वेळ सोसत नाही, त्यामुळे वाहत्या पाण्याने निवणाऱ्या त्या इंजिनांना ही परीक्षा अगदी बरोबर बसत होती. पुढे मोटारीच्या बाबतीत हीच सवय दगा देणार होती. मोटारीचे पाणी नव्वद अंशांवर असणे हीच तिची तब्येत ठीक असल्याची खूण, आणि त्या नळीला हात लावला तर ऐंशी काय आणि एकशे दहा काय, चटका सारखाच बसतो.

मोटारीत पाणी फिरवून पुन्हा थंड करून घेण्याची व्यवस्था विसाव्या शतकाच्या आरंभी पक्की झाली. सुरुवातीच्या गाड्या पाणी सरळ उकळू देत आणि वाटेत भरत जात. १९०१ च्या मर्सिडीज गाडीसाठी विल्हेल्म माइबाख याने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. त्यात ८,०७० बारीक चौकोनी नळ्या होत्या आणि मागे पंखा होता. आजचा रेडिएटर त्याच घराण्यातला. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत तर पुढे पाण्याचा पंपही ठेवला नव्हता. गरम पाणी हलके होऊन वर चढते आणि थंड पाणी खाली बसते, या नियमावर ते आपोआप फिरे. पंखा पट्ट्याने इंजिनाला जोडलेला असे. इंजिन फिरले की पंखा फिरणार, गरज असो वा नसो. १९३० च्या दशकात मेणाच्या गोळीवर चालणारा थर्मोस्टॅट आला. इंजिन तापेपर्यंत तो पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. मेण वितळून फुगले की वाट उघडतो. थर्मोस्टॅट आणि थर्मोस्विच ही दोन नावे गॅरेजमध्ये कायम एकमेकांत मिसळतात, पण कामे निराळी. एक पाण्याचे दार उघडतो, दुसरा वाऱ्याचे.

स्वातंत्र्यानंतरच्या तीन-साडेतीन दशकांत खानदेशच्या रस्त्यांवर जे काही धावले ते सगळे पट्ट्याच्या पंख्यावर. एस. टी. ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सुटली आणि नंतरच्या वर्षांत धुळे, जळगाव विभागांत तिचे जाळे पसरले. १९५४ पासून टाटा-मर्सिडीजच्या मालमोटारी आल्या, त्याच दशकात अँबॅसडर आणि प्रीमियरची फियाट आली, जीप तर आधीपासूनच होती. धुळे हे मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर-कोलकाता रस्ता यांच्या चौफुलीवरचे शहर. सुरतेकडे जाताना कोंडाईबारीचा घाट, इंदूरकडे जाताना पळासनेरच्या पुढे बिजासन, चाळीसगावहून मराठवाड्यात चढताना कन्नडचा औट्रम घाट, जळगावहून औरंगाबादेस निघाले की फर्दापूरच्या पुढे अजिंठ्याचा चढ. खानदेशातून दक्षिणेकडे, पश्चिमेकडे किंवा उत्तरेकडे निघालेली भरलेली गाडी घाटात तापणारच, हे गृहीत धरलेले असे. औट्रम घाटाचे नाव ज्या जेम्स औट्रमवरून पडले तो १८२५ साली खानदेशात भिल्ल पलटण उभारणारा अधिकारी. त्याच्या काळी या चढावर फक्त बैल तापत असत.

घाट चढताना वेग कमी, समोरून येणारा वारा कमी आणि इंजिनावरचा ताण सर्वांत जास्त. पट्टा सैल असेल तर पंखाही मागे पडे. रावेर-सावद्याची केळी घेऊन उत्तरेकडे जाणाऱ्या मालमोटारींना थांबून राहणे परवडत नसे, कारण केळी वाट पाहत नाहीत. मग ड्रायव्हर बॉनेट अर्धवट उघडे बांधून चाले, क्लीनरच्या पायाशी पाण्याचे डबे असत, आणि घाटाच्या पायथ्याशी व माथ्यावर झरा किंवा हौद कुठे आहे हे रस्त्याच्या ज्ञानाचाच भाग असे. ‘गाडी तापली’, ‘पाणी उकळले’, अहिराणीत ‘गाडी तपी गयी’ हे रोजच्या बोलण्यातले शब्द झाले. उकळत्या रेडिएटरचे झाकण ओल्या पोत्याने धरून घाईने उघडणे आणि तोंडावर वाफ घेणे हा त्या काळचा ठरलेला अपघात. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतल्याने हेडला तडा जाणे हा दुसरा.

या तापण्यातून एक स्वतंत्र धंदा उभा राहिला तो रेडिएटरवाल्याचा. जळगावच्या अजिंठा चौफुलीच्या किंवा धुळ्याच्या पारोळा व चाळीसगाव चौफुलीच्या परिसरासारख्या ठिकाणी, जिथे मालमोटारी थांबतात तिथे, पंक्चरवाला, पाटेवाला आणि बॅटरीवाला यांच्या शेजारी त्याचे दुकान असे. तेव्हाचे रेडिएटर तांब्या-पितळेचे. वरची टाकी डाख वितळवून सोडवायची, नळ्यांमधून पातळ पट्टी घालून साचलेला क्षार काढायचा, म्हणजे ‘रॉडिंग’ करायचे, आणि टाकी पुन्हा डाख देऊन बसवायची. नंतर तोंडे बंद करून आत हवा भरायची आणि रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवायचा. बुडबुडा जिथून निघेल तिथे गळती. या कारागिराला काम पुरवले ते विहिरी आणि बोअरच्या जड पाण्याने. असे पाणी पुन्हा पुन्हा ओतले की त्यातला चुना गरम भागात पांढऱ्या थराच्या रूपाने बसतो, आणि हा थर उष्णता अडवण्यात पटाईत. तापते म्हणून पाणी ओतायचे आणि पाणी ओतले म्हणून तापायचे, असे ते चक्र होते. कूलंट म्हणजे बर्फाळ मुलखातल्या गाड्यांचे औषध, ही समजूत खानदेशात बराच काळ टिकली. तिच्यात अर्धेच तथ्य आहे. ग्लायकॉल पाणी गोठू देत नाही तसेच ते त्याचा उत्कलनबिंदूही वाढवते, आणि त्यात मिसळलेली गंजरोधके आतला धातू सांभाळतात. गोठण्याची भीती नसलेल्या प्रदेशात हे दुसरे काम अधिक मोलाचे.

पट्ट्याचा पंखा जाऊन विजेचा पंखा का आला, याचे उत्तर इंजिनाच्या बसण्यात आहे. जुन्या गाडीत इंजिन लांबीत बसलेले असे, त्याचे तोंड रेडिएटरकडे, त्यामुळे पट्ट्यावर पंखा सहज बसे. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या लहान गाड्यांत इंजिन आडवे बसवले गेले आणि त्याचे तोंड गाडीच्या कुशीकडे वळले. समोरच्या रेडिएटरला वारा घालायचा तर विजेची मोटर लावणे सोयीचे ठरले. १९६९ सालच्या फियाट १२८ या गाडीने ही मांडणी जगभर रुळवली. मोटर एकदा वेगळी झाली की ती सतत फिरवण्याचे कारण उरत नाही. महामार्गावर समोरचा वारा पुरतो. सिग्नलला, रेल्वे फाटकावर आणि बाजारात मात्र पंखा हवा. केव्हा हवा हे ठरवायला कोणीतरी लागणार, म्हणून थर्मोस्विच.

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली गाडी ग्राहकाला मिळाली आणि पुढच्या काही वर्षांत ७९६ घनसेंटिमीटरचे ते आडवे इंजिन खानदेशातल्या डॉक्टरांच्या, व्यापाऱ्यांच्या आणि बागायतदारांच्या दारात आले. अँबॅसडर-फियाटवर हात बसलेल्या मेकॅनिकला या गाडीचा पंखा चमत्कारिक वाटणे साहजिक होते. गाडी चालू असताना तो गप्प उभा आणि कित्येकदा गाडी बंद करून मालक घरात गेल्यावर आपोआप गरगरणारा. इंजिन बंद झाले की पाणी फिरणे थांबते, पण तापलेला धातू आतल्या पाण्याला आणखी काही अंश चढवतो आणि स्विच आपले काम करतो. किल्ली काढल्यावरही पंख्याला वीज मिळत राहील अशी जोडणी अनेक गाड्यांत असते. हे ठाऊक नसताना बॉनेटखाली हात घालणाऱ्यांनी बोटे दुखावून घेतली. बॅटरीचे टर्मिनल काढल्याशिवाय पंख्याजवळ हात न्यायचा नाही, हा नियम त्यातून आला आणि तो आजही पाळण्यासारखा आहे.

नव्या गाडीबरोबर नवी दुरुस्तीही रूढ झाली : पंखा ‘डायरेक्ट’ करणे. गाडी तापते, पंखा फिरत नाही, स्विच जळगावात तयार मिळत नाही. मग दोन्ही तारा जोडून टाकायच्या, किल्ली फिरवली की पंखा चालू. थोडी हौस असेल तर डॅशबोर्डखाली हाताने दाबायचे बटण बसवायचे. अडल्या वेळी घरी पोहोचण्यासाठी हा उपाय उत्तम आहे आणि तेवढ्यापुरताच उत्तम आहे. सतत फिरणाऱ्या मोटरचे कार्बन ब्रश आणि बुश लवकर झिजतात, आणि एके दिवशी मोटर बंद पडते तेव्हा ते सांगणारे कोणी नसते, कारण पंखा फिरतोच आहे असे सगळ्यांनी धरलेले असते. हाताच्या बटणाची गोष्ट त्याहून वाईट. पाणी तापल्यावर बटण दाबण्याची आठवण काट्याकडे पाहणाऱ्यालाच होते, आणि गाडी दुसऱ्याने मागून नेली तर त्याला बटण आहे हेच माहीत नसते. याच विचाराने ‘इथे कुठली थंडी’ म्हणत थर्मोस्टॅटही काढून टाकला जाई. हिवाळ्यात धुळ्याचा पारा दहाच्या खाली उतरतो, ही गोष्ट त्यात विसरली जाई. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन सकाळी कितीतरी वेळ गार राहते, पेट्रोल जास्त पिते आणि आतून झिजते.

स्विच तपासण्याची पद्धत या सगळ्या अनुभवातून बसत गेली. ती साधी आहे. तिच्यातला क्रम मात्र महत्त्वाचा. आधी फ्यूज. मग पंख्याची मोटर : तिचा कप्लर, म्हणजे तारांचा जोड, सोडवून बॅटरीवरून सरळ दोन तारा द्यायच्या. मोटर फिरली नाही तर स्विचचा विचारच करायला नको. लहान गाडीची मोटर आठ-दहा अँपिअर ओढते, तेव्हा तारा जाड हव्यात. मोटर फिरली तर स्विचवरचा कप्लर काढायचा, किल्ली चालू करायची आणि कप्लरच्या दोन टोकांमध्ये तारेचा तुकडा घालायचा. पंखा फिरला, तर फ्यूज, रिले (स्विचच्या इशाऱ्यावर मोटरची वीज जोडणारा भाग), वायरिंग सगळे ठीक; संशय स्विचवर. फिरला नाही, तर दोष वायरिंगमध्ये किंवा रिलेमध्ये. एकाच पिनेच्या स्विचमध्ये दुसरे टोक म्हणजे त्याचे स्वतःचे आटे, म्हणून सुटलेली तार इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवून पाहायची. अशा स्विचला गळती थांबवण्यासाठी टेफलॉन टेप भरमसाट गुंडाळली तर अर्थिंगच तुटते आणि नवाकोरा स्विच मुका राहतो. तो पुन्हा काढून बदलून आणणाऱ्यांची संख्या कमी नाही.

पुढची पायरी पातेल्याची. गाडी पूर्ण निवल्यावर स्विच उघडून काढायचा, चहाच्या पातेल्यात पाणी घेऊन स्टोव्हवर ठेवायचे, आणि स्विच तारेने असा टांगायचा की पितळ बुडेल आणि पिना कोरड्या राहतील. तळाला टेकू द्यायचा नाही, कारण तळ पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो. शेजारी तपमापक सोडायचा. तापाचा तपमापक इथे निरुपयोगी. तो ४२ अंशांवर संपतो. शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांना माल देणाऱ्या दुकानात ११० अंशांचा काचेचा तपमापक मिळतो, तो हवा. पिनांना मल्टिमीटर ‘बीप’वर ठेवून लावायचा आणि पाणी हळूहळू तापवायचे. गार असताना मीटर गप्प हवा. स्विचवर कोरलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंश इकडेतिकडे तो वाजला पाहिजे, आणि मग स्टोव्ह बंद करून पाणी निवू दिले की खालच्या आकड्यावर सुटला पाहिजे. निवतानाची ही दुसरी अर्धी परीक्षा घाईत गाळली जाते. वेळेवर लागणारा पण सुटण्याचे नाव न घेणारा स्विच रात्रभर पंखा चालवून सकाळी बॅटरी बसवतो.

तपमापक नसेल तर उकळी हीच मोजपट्टी होते. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटर उंचीवर आहे; तिथे पाणी ९९ अंशांच्या थोडे वर उकळते. ९५ अंशांचा स्विच खळखळत्या पाण्यातही लागला नाही तर तो गेला, यात शंका नाही. उलटे मात्र खरे नाही. उकळत्या पाण्यात लागला म्हणजे चांगला, असे म्हणता येत नाही. तो ९२ ऐवजी ९९ ला लागत असेल तर गाडीत तो उशिराच जागा होणार. आणि हाच प्रयोग सुमारे ११५० मीटर उंचीच्या तोरणमाळावर केला तर तिथे पाणी ९६ अंशांजवळच उकळते. ९७ चा चांगला स्विचही तिथे नापास ठरेल.

मीटर की बल्ब, हा जुना वाद आहे आणि त्यात जुन्या वायरमनची बाजू भक्कम आहे. मल्टिमीटरचा ‘बीप’ अगदी क्षीण विजेवर वाजतो. स्विचमधले पॉइंट जळून काळे पडलेले असले तरी एवढी वीज त्यांच्यातून जाते, मीटर वाजतो आणि स्विच पास होतो. गाडीत मात्र त्याच पॉइंटांतून मोटरचे आठ-दहा अँपिअर जायचे असतात आणि पंखा जेमतेम हलतो. पूर्वीचा कारागीर हेडलाइटचा जुना बल्ब बॅटरीशी आणि स्विचशी एकामागे एक जोडून पातेले तापवी. ५५ वॉटचा बल्ब साडेचार अँपिअर ओढतो. पॉइंट खराब असतील तर तो लाल आणि मंद जळतो. ज्या गाड्यांत स्विच फक्त रिलेला इशारा देतो, तिथे मीटर पुरतो आणि एवढा ओझ्याचा बल्ब लावूही नये. जिथे मोटरची सगळी वीज स्विचमधूनच जाते तिथे बल्बच खरा.

निर्दोष स्विच बदलला जाण्याची उदाहरणे सदोष स्विचपेक्षा जास्त सापडतील. स्विच रेडिएटरच्या टाकीत बसवलेला असेल आणि थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल, तर इंजिन उकळत असताना रेडिएटर कोमट राहतो. स्विचपर्यंत गरम पाणी आलेच नाही, तर तो पंखा कशाला लावेल? वरचा पाइप कडक गरम आणि खालचा थंड, ही त्याची खूण. पाणी कमी झाले किंवा आत हवा अडकली तर स्विच पाण्याऐवजी हवेत लोंबतो आणि त्याला वेळेवर काही कळत नाही. झाकणाची स्प्रिंग सैल झाली तर वेगळाच घोटाळा. चांगले झाकण आत साधारण वातावरणाएवढाच जास्तीचा दाब धरून ठेवते आणि पाण्याचा उत्कलनबिंदू १२० अंशांच्या जवळ नेते. सैल झाकणाखाली पाणी शंभरालाच उकळते आणि बाहेर पडते. पंखा फिरत असूनही गाडी ‘तापली’ म्हणून गॅरेजमध्ये येते. डॅशबोर्डवरच्या काट्याचा सेन्सर बहुतेक जुन्या गाड्यांत वेगळा असतो, म्हणून काटा वर गेला यावरून स्विचबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

२००० च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक होऊन पेट्रोल इंजेक्शनच्या गाड्या आल्या आणि थर्मोस्विचचे काम संगणकाकडे गेले. आता पाण्यात थर्मिस्टर बुडालेला असतो. तापेल तसा त्याचा विद्युतरोध उतरतो. २० अंशांना दोन-अडीच हजार ओहम, तर ८० अंशांना तीनशेच्या आसपास, असे आकडे अनेक लहान गाड्यांत मिळतात. संगणक तो रोध वाचतो आणि रिलेमार्फत पंखा लावतो. पातेले तेच, पण मीटर बीपवर न ठेवता ओहमवर ठेवून दर दहा अंशांना आकडा टिपायचा. सेन्सरची तार तुटली तर पुष्कळ गाड्यांतला संगणक खबरदारी म्हणून पंखा सतत चालू ठेवतो. म्हणजे पूर्वी बिघाडात पंखा थांबे, आता तो थांबत नाही. जुन्या खुणांवर चालणाऱ्या मेकॅनिकला हा उलटा न्याय अंगवळणी पडायला वेळ लागला. स्कॅनर जोडला की पाण्याचे तापमान पडद्यावर दिसते आणि पंखा हुकमाने फिरवूनही पाहता येतो. आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या वर्गातून आलेला मुलगा आधी स्कॅनर काढतो, जुना कारागीर आधी खालच्या पाइपला हात लावतो. दोघांनी एकमेकांचे शिकावे इतकी दोन्ही परीक्षांत अक्कल आहे. तांब्या-पितळेचे रेडिएटर जाऊन अॅल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकच्या टाक्या आल्या, त्यामुळे डाख देणाऱ्याचे काम मात्र मालमोटारी, ट्रॅक्टर आणि जुन्या जीपगाड्यांपुरते आकसले.

मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले, ओम्नीचे २०१९ मध्ये. त्या घराण्यातल्या जुन्या गाड्यांसाठी पितळी आट्यांचा स्विच अजून दुकानांत मागितला जातो आणि एकसारख्या दिसणाऱ्या स्विचांत तापमानाचे आकडे वेगवेगळे असतात. नवा घेताना त्याच्या अंगावर कोरलेला आकडा जुन्याशी जुळवून घ्यावा, आणि बसवण्याआधी तोही एकदा पातेल्यात टाकून पाहावा.